नदीचा पडदा

"जवळून नाही हो. लांबून बघा, लांबून."

असं म्हणून ते तुमचा दंड धरायचे आणि तुम्हाला मागे ओढायचे. समोर काय आहे याला फारसं महत्त्व नसायचं. अमेरिकेत, प्लेनोतल्या आमच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात कुणी नवीन स्क्रीन तयार केली, की हे खुर्चीसकट मागे सरकत पलीकडच्या क्यूबिकलला जाऊन टेकायचे, एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "उजवीकडे जड झालंय." कुणी नवी गाडी घेतली तर ती बघायला पार्किंग लॉटच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचे. एकदा माझ्याकडे जेवायला आले होते, तेव्हा वाढलेल्या ताटाकडेही असेच मान मागे घेऊन बघत बसले. मी विचारलं, "काय झालं? काही राहिलं का?" तर म्हणाले, "छे छे. कोशिंबीर जरा अलीकडे हवी होती."

असा माणूस तुमच्याही ओळखीत एखादा असेल. फक्त तो तुमच्या शेजारच्या क्यूबिकलमध्ये नसेल. आमच्या दोन क्यूबिकलांमधली भिंत खांद्याइतकी होती आणि त्यांना मागे सरकायला जागा लागायची, त्यामुळे माझी वर्षं त्यांच्या खुर्चीचे धक्के खाण्यात गेली.

वय पन्नाशीच्या आसपास. मुलं त्यांना काका म्हणायची, म्हणून हळूहळू आम्हीही काका म्हणायला लागलो. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारण्याचं धाडस कुणी केलं नाही असं लिहिणार होते, पण खरं सांगायचं तर सगळ्यांनीच विचारलं होतं. उत्तर मिळालं नाही.

दुसऱ्यांनी लिहिलेला कोड तपासणं हे त्यांचं काम. दोन हजार एकच्या नोकरकपातीत आमच्या मजल्यावरची निम्मी टेबलं रिकामी झाली तरी हे टिकले, कारण जुन्या सिस्टिमच्या पोटात काय आहे ते त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. कोड वाचताना ते मध्येच थांबायचे आणि आवाज अजिबात न चढवता विचारायचे, "हे कुठून उचललं?"

"इंटरनेटवरून घेतलं, काका. वर्क करतंय ना पण."

"मग तुमची गरज काय? झेरॉक्स मशीन स्वस्त पडतं."

नागपूरहून नुकताच आलेला एक पोरगा या वाक्यानंतर बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ बसला होता. 'कॉपी' हा शब्द ते शिवीसारखा वापरायचे. आणि त्यांना तो तसा वापरण्याचा अधिकार होता असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. कारण त्यांचे आजोबा.

आजोबांची गोष्ट ऑफिसच्या ब्रेकरूममध्ये प्रत्येक नव्या मराठी माणसाला डबा उघडायच्या आत ऐकावी लागायची. आजोबा एका संगीत नाटक कंपनीत पडदे रंगवायचे. तुम्हाला ठाऊक असेल, जुन्या नाटकांत रंगमंचाच्या मागे रंगवलेले मोठाले पडदे सोडायचे. राजवाड्याचा एक, रस्त्याचा एक, जंगलाचा एक आणि नदीचा एक. नाटक कुठलंही असो, पडदे तेच. आजोबांचा नदीचा पडदा फार गाजलेला. वळण घेत येणारी नदी, टेकडीवर बुरूज, एका अंगाला झुकलेलं झाड, पाण्यावर आलेल्या गाई आणि संध्याकाळचं पिवळं आभाळ. काकांच्या म्हणण्याप्रमाणे सांगलीत दर्शनी पडदा वर गेला की नट यायच्या आधी नदीला टाळ्या पडायच्या. एकदा तर नदीला वन्समोअर मिळाला होता. नदीला वन्समोअर मिळतो म्हणजे नक्की काय करतात, हे मी विचारलं. "पडदा पाडतात आणि परत वर घेतात," असं शांतपणे उत्तर आलं.

"आणि ही नदी," इथे काका डबा खाली ठेवायचे, "आजोबांनी कृष्णेच्या काठावर बसून रंगवली. ऊन नाही बघितलं, पाऊस नाही बघितला. एक रेघ दुसऱ्याची नाही."

पुढे कंपनी बंद पडली. ज्याला जे उचलता आलं ते त्याने घरी नेलं. आजोबांच्या वाट्याला नदी आली. मिरजेला यांचं घर म्हणजे एकच लांब खोली. तिच्या मधोमध आजोबांनी नदी टांगली. पडद्याच्या अलीकडे पाहुणे, पलीकडे स्वयंपाक. काकांनी पाढे, व्याकरण, भूमिती सगळं त्या नदीसमोर बसून केलं. त्या पडद्यावरचा एकेक दगड त्यांना पाठ होता. शेवटी कापड विरलं, तेव्हा एका पावसाळ्यात तो पडदा जळणावर झाकायला घातला गेला आणि संपला. हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली जायचा. मग डबा उघडायचे.

नोकरकपातीनंतर दोनेक वर्षांनी मी आमच्या मराठी मंडळाची सेक्रेटरी झाले. मंडळाची सेक्रेटरी कशी होतात ते तुम्हाला माहीत असेलच, ज्या मीटिंगला आपण जात नाही त्या मीटिंगमध्ये होतात. अमेरिकेतल्या सगळ्या मराठी मंडळांचं अधिवेशन त्या उन्हाळ्यात आमच्याकडे होतं आणि आम्ही एका जुन्या संगीत नाटकातला प्रवेश बसवत होतो. नायक नदीकाठी उभा राहून गातो असा. पडद्यासाठी काकांना विचारावंच लागलं नाही. त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून रंगाऱ्यांचं कापड आणलं, गॅरेजमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणलं आणि कॉर्नस्टार्चची खळ शिजवून त्यावर चढवली. सबंध गल्लीत कढीसारखा वास सुटला. शेजारच्या अमेरिकन आजोबांनी बाहेर येऊन चौकशीही केली. खळ वाळली, कापड पांढरंशुभ्र झालं. आता फक्त नदी यायची होती.

मधल्या एका शनिवारी माझ्या मुलीला शाळेच्या प्रोजेक्टसाठी म्युझियममध्ये जायचं होतं. एखादं चित्र निवडून त्यावर पानभर लिहायचं होतं. माझी गाडी दुरुस्तीला गेलेली, म्हणून काका आम्हाला ड्राइव्ह करून घेऊन गेले. म्युझियम हे त्यांच्या दृष्टीने आदर्श ठिकाण, मागे सरकायला भरपूर जागा. आम्ही पुढच्या दालनात गेलो आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की काका मागेच राहिलेत.

परत येऊन बघते तर ते एका चित्रासमोर उभे. चित्र तसं लहानच होतं, आमच्या टीव्हीएवढं. सोनेरी चौकट. अठराव्या शतकातला कुणी जर्मन चित्रकार, ज्याचं नाव मला आजही उच्चारता येत नाही. खाली लिहिलं होतं, 'राइन नदीकाठची संध्याकाळ.' वळण घेत येणारी नदी, टेकडीवर बुरूज, एका अंगाला झुकलेलं झाड, पाण्यावर आलेल्या गाई, पिवळं आभाळ.

आयुष्यात पहिल्यांदाच ते मागे सरकले नव्हते. नाक चित्राला लागेल इतके जवळ गेले होते. गार्ड लगबगीने आला आणि म्हणाला, "सर, प्लीज." काकांनी त्याच्याकडे वळून स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, "हे आमच्या घरात होतं."

आता, मराठी माणसाने हे वाक्य मराठी माणसाला म्हटलं तर तो "हो का" म्हणतो आणि स्वतःच्या घरात काय होतं ते सांगायला लागतो. अमेरिकन म्युझियममध्ये, आणि त्यातून जर्मन चित्राबद्दल, हे म्हणायचं नसतं. युरोपातल्या युद्धात लोकांच्या घरांतून चित्रं लुटली गेली, ती फिरतफिरत भलत्याच भिंतींवर पोचली, आणि आता मूळ मालकांची नातवंडं येऊन "हे आमचं" म्हणत होती. अशा बातम्या त्या काळात पेपरात यायच्या. हे सगळं मला नंतर समजलं. त्या वेळी एवढंच समजलं की गार्डने वॉकीटॉकी काढला, आणि पाचेक मिनिटांत आम्ही तिघंही एका बंद खोलीत होतो, समोर कॉफी होती आणि मोत्यांची माळ घातलेल्या म्युझियमच्या एक बाई अत्यंत सहानुभूतीने आमच्याकडे बघत होत्या.

"Are they arresting काका?" माझ्या मुलीने विचारलं.

"गप्प बस," मी म्हटलं. मलाही खात्री नव्हती.

बाईंनी हळुवारपणे सुरुवात केली. चित्र तुमच्या घरात नेमकं कुठे असायचं?

"मधे," काका म्हणाले.

कशाच्या मधे?

"पाहुण्यांच्या आणि स्वयंपाकाच्या. पलीकडे माझी आई पोळ्या करायची."

बाईंनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला. हे आठवणं तुम्हाला जड जाईल याची कल्पना आहे, पण चित्र तुमच्या कुटुंबाच्या हातून कसं गेलं?

"पावसात. जळणावर घातलं होतं."

बाईंचं पेन थांबलं. जळणावर?

"तेव्हा ते फारच जुनं झालं होतं हो. आणि लाकडं भिजत होती."

मी मध्ये पडायला हवं होतं हे मान्य, पण मला काय चाललंय तेच कळत नव्हतं आणि काकांना तर समोरच्या बाईंना एवढा रस वाटतोय याचा आनंद झाला होता. त्यांनी आपणहून तक्रारी सांगायला सुरुवात केली. गाईंची वशिंडं कुठे गेली? बुरुजावरचा झेंडा कुणी काढला? आणि मुख्य म्हणजे खालच्या कोपऱ्यात, पाण्याशी कळशी घेऊन एक बाई उभी होती. हिरव्या लुगड्यातली. ती पुसून टाकलीय कुणीतरी.

बाई म्हणाल्या, चित्राची पूर्ण तपासणी झालेली आहे, रंगाखाली कुणीही बाई नाही. मग त्यांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी विचारलं, तुमच्या चित्राचा आकार काय होता?

काकांनी खोलीच्या या भिंतीकडे आणि मग त्या भिंतीकडे बोट केलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. सगळा उलगडा व्हायला त्यानंतर फार वेळ लागला नाही. त्या मनापासून हसल्या, मीही सुटकेने हसले. मग त्यांनी समजावून सांगितलं की या चित्राच्या छापील प्रती पूर्वी फार निघाल्या होत्या, कॅलेंडरवर, डब्यांवर, कुठेही, आणि त्या जगभर गेल्या. "म्हणजे तुमच्या आजोबांनी याची कॉपी केली! किती सुंदर गोष्ट आहे!" असं त्या म्हणाल्या. त्यांना ती खरंच सुंदर वाटत होती.

काकांनी कॉफीचा कप उचलला, बघितला आणि परत ठेवला.

घरी येताना गाडी हायवेला लागली. मागच्या सीटवरून मुलीने विचारलं, "काका, did we win?"

"नाही बेटा," ते म्हणाले.

सोमवारी त्यांनी मला सांगितलं की पडदा होणार नाही, दुसरी काहीतरी व्यवस्था करा. कारण विचारलं तर म्हणाले, "कंबर दुखते." त्याच आठवड्यात नागपूरचा पोरगा घाबराघुबरा होऊन माझ्याकडे आला. त्याने चुकून एक मोठा तुकडा जसाच्या तसा कुठूनतरी उचलून घातला होता आणि काकांनी तो काही न विचारता पास केला होता. "काकांची तब्येत ठीक आहे ना? मला टेन्शन आलंय यार," असं म्हणत तो माझ्या टेबलापाशी उभा राहिला. खरं सांगते, मलाही आलं होतं. तो आठवडाभर माझ्या भिंतीला एकही धक्का बसला नव्हता.

इकडे मंडळाचे अध्यक्ष खूष होते. ते दातांचे डॉक्टर, त्यांना सगळ्या गोष्टींवर लवकर तोडगा सुचतो. ते म्हणाले, पडद्याची भानगडच कॅन्सल करा, प्रोजेक्टरवर नदी दाखवू, त्यांच्या अलास्काच्या क्रूझचे फोटो आहेतच. त्यांनी मला नमुन्याचा फोटो पाठवला. त्यात नदी होती, आणि नदीत एक अस्वल होतं.

पुढच्या शनिवारी सकाळी मी काकांच्या घरी गेले. माझा पारा चढलेला होता हे कबूल करते. ते गॅरेजमध्येच होते, उलट्या केलेल्या रंगाच्या बादलीवर बसलेले, हातात भारतात फोन करायचं प्रीपेड कॉलिंग कार्ड. समोर ते पांढरं कापड तसंच ताणलेलं.

मी म्हटलं, "काका, एका चित्रासाठी एवढं? कॉपी तर कॉपी. लोकांना काय कळणार आहे?"

"लोकांचं नाही हो," ते म्हणाले. "माझ्या बाबांनी मला एकच गोष्ट अभिमानाने सांगितली. आजोबा नदीवर बसले आणि त्यांनी नदी काढली. बाकी आमच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच. त्या जोरावर मी इतकी वर्षं लोकांना विचारत आलोय, कुठून उचललंत. आता मला कुणी विचारलं तर?"

त्यांचे डोळे लाल झाले होते. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी चिडते. म्हटलं, "मग आईंना विचारा ना सरळ."

"तिला कसं सांगू? तिचा जीव होता त्या पडद्यावर. तिला हे कळलं तर ती..."

मी त्यांच्या हातातलं कॉलिंग कार्ड घेतलं आणि फोन लावला. मिरजेत तेव्हा संध्याकाळ होती. मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला होता, आणि आईंना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्या मिरजेहून थेट प्लेनोपर्यंत आरोळी देत असल्यासारख्या बोलत होत्या. काकांनी बराच वेळ हवापाण्याचं, गुडघ्यांचं विचारलं. मी डोळे वटारले तेव्हा कुठे मुद्द्यावर आले.

"आई, आजोबांनी तो नदीचा पडदा नदीवर बसून काढला होता ना?"

"नदीवर?" आई ओरडल्या. "कोण, मामंजी? त्यांना दमा होता की रे. नदीचा वारा लागला तर आठ दिवस उशीला टेकून बसायचे. कॅलेंडरवरनं काढला होता. रंगवाल्याने कॅलेंडर दिलं होतं, जर्मन रंगांच्या कंपनीचं, त्याच्यावरनं."

काकांनी कापडाकडे बघितलं. "तुला ठाऊक होतं?"

"सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तुझ्या बाबांना कॅलेंडर म्हणायला कमीपणा वाटायचा, म्हणून ते नदी म्हणायचे. का? काय झालं?"

काकांनी म्युझियमचं सगळं सांगितलं. ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे शेजारचे अमेरिकन आजोबा पुन्हा बाहेर येऊन गेले. शेवटी काका म्हणाले, "सगळं तसंच आहे ग. फक्त ती कळशीवाली बाई त्यात नाही. हिरव्या लुगड्यातली."

 

"ती कशी असेल त्यात," आई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता. "ती मी आहे."

मग त्यांनी सांगितलं ते मी आठवतंय तसं देते. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा पडदा घरात होताच. सासूबाईंचा नियम कडक, पाहुणे आले की सुनेने पडद्याच्या पुढे यायचं नाही. पाहुणे कोण, तर बंद पडलेल्या कंपनीतले जुने नट. ते येऊन बसायचे, नकला करायचे, पदं म्हणायचे, आणि अख्खी खोली हसायची. आई चुलीपुढे बसून सगळं ऐकायच्या, दिसायचं मात्र काही नाही. पडद्याची मागची बाजू, नुसतं मळकं कापड. त्यांना ती नदीसुद्धा पाहुणे गेल्यावर केर काढायच्या वेळेलाच दिसायची.

"एकदा मी रडले," आई म्हणाल्या. "मामंजींनी बघितलं. बोलले काही नाहीत, सुनेशी बोलायची पद्धत नव्हती. दुसऱ्या दिवशी रंग कालवून बसले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, लुगडं कुठल्या रंगाचं आवडतं? मी म्हटलं, हिरवं. मग त्यांनी मला काढली, पुढच्या बाजूला, अगदी पाहुण्यांच्या समोर. झाल्यावर म्हणाले, आता तू पुढेच आहेस, मागे जा म्हणायची कुणाची टाप नाही."

"आणि आजी काही बोलली नाही?" काकांनी विचारलं.

"त्यांना चष्मा नव्हता."

काका बादलीवरून उठले आणि का कोण जाणे, खाली फरशीवर बसले. "आई, तू मला कधी सांगितलं नाहीस हे."

"तू विचारलंस कधी? तू आपला नदीचंच विचारायचास."

एवढ्यात कार्डातली मिनिटं संपली आणि एका यांत्रिक बाईने इंग्रजीत आमचे आभार मानले. मी निघाले. आता मी तिथे थांबण्यात अर्थ नव्हता, कारण काका रडत होते आणि त्यांना ते नीट, सावकाश करायचं होतं.

त्यानंतर ते रोज ऑफिस सुटलं की गॅरेजमध्ये. झाडूच्या दांड्याला ब्रश बांधून उभ्याने रंगवायचे. बुरूज त्यांनी होता तसा जर्मन ठेवला, झेंडा लावला नाही. गाईंना मात्र वशिंडं दिली. "ती आजोबांची आहेत," म्हणाले. कळशीवाली बाई सगळ्यांत शेवटी काढली. तिच्यासाठी ब्रश दांड्यावरून सोडला, खाली बसले आणि बारीक ब्रशने, नाक कापडाला टेकवून, दोन रविवार घालवले. मी गंमत म्हणून म्हटलं, "काका, लांबून बघा की." म्हणाले, "लांबून बघूनच तर पन्नास वर्षं गेली."

प्रयोगाला दर्शनी पडदा वर गेला तेव्हा नट यायच्या आधी टाळ्या पडल्या. वन्समोअर मिळाला नाही, तशी आमच्या प्रेक्षकांना घाई असते, पुढे जेवण होतं. पण नंतर लोक स्टेजमागे आले. कुणी म्हणालं, "वाईचा घाट ना हो? लगेच ओळखला." नाशिकचे एक गृहस्थ म्हणाले, काहीतरीच काय, ही गोदावरी. क्युपर्टिनोहून आलेल्या एका काकूंना बुरूज बघून माहेरची आठवण झाली आणि त्यांनी डोळे पुसले.

काका प्रत्येकाला तेच उत्तर देत होते. "नदी जर्मनीची आहे. बाई मिरजेची."

"हे सगळ्यांना सांगायची गरज होती का?" अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन विचारलं. मी म्हटलं, "होती."

ऑफिसमधलं त्यांचं वाक्यही बदललं. कुणी उचललेला कोड दिसला की ते म्हणायचे, "कुठून घेतलं ते वर लिहा. आणि तुमचं काय घातलंत ते खाली लिहा." बहुतेकांना खाली लिहायला काही सुचायचं नाही. नागपूरचा पोरगा तर एकदा तासभर विचार करत बसला आणि शेवटी सगळं स्वतःच नव्याने लिहून मोकळा झाला.

दोन हजार सातमध्ये आई बाथरूममध्ये पडल्या. हाड जुळलं, पण एकटं राहणं संपलं. काकांचं ग्रीन कार्ड अगदी तोंडाशी आलं होतं आणि सगळ्यांनी त्यांना थांबायला सांगितलं. काहींनी तर वेडे आहात का असं तोंडावर विचारलं. त्यांनी राजीनामा दिला, सामान वाटून टाकलं आणि सगळ्यांत मोठ्या बॅगेत पडदा भरला. तो मंडळाच्या मालकीचा आहे असं अध्यक्षांचं म्हणणं होतं. मी तेव्हाही सेक्रेटरीच होते, त्या नात्याने त्यांना कळवलं की पडदा सापडत नाही. काका गेल्यानंतर पलीकडच्या क्यूबिकलमध्ये एक शांत, सज्जन बाई आल्या. त्या खुर्ची कधी मागे सरकवायच्या नाहीत. मला त्यांचा राग यायचा, त्यांचा काही दोष नसताना.

पुढच्या हिवाळ्यात मी पुण्याला आले होते, तेव्हा मुद्दाम मिरजेला गेले. त्या दिवशी मी काकांना शेवटचं पाहिलं असं म्हणता आलं असतं, पण खरं तर त्या दिवशी मी त्यांना पाहिलंच नाही.

नवा फ्लॅट होता, तिसऱ्या मजल्यावर. दार उघडंच होतं. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंत होती की नाही कळायला मार्ग नव्हता, कारण तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत राइन नदी टांगलेली. नदीच्या पुढे, बरोबर मधोमध, आई एका मोठ्या खुर्चीत बसल्या होत्या. शेजारच्या तीन-चार बायका आलेल्या आणि आई त्यांना कुणाची तरी नक्कल करून दाखवत होत्या. सगळ्या हसत होत्या. मी नाव सांगितलं तेव्हा त्यांनी मला जवळ बसवलं आणि नक्कल पहिल्यापासून परत केली.

पडद्यामागून भांड्यांचा आवाज येत होता. "साखर किती घालू?" काकांनी आतून विचारलं. मी आवाज ओळखला आणि पटकन उठले.

"बसा, बसा," आई म्हणाल्या. "पाहुण्यांनी आत जायचं नाही."

"मग त्यांना तरी बाहेर बोलवा."

"नाही हो. आम्ही बोलत असलो की पुढे यायचं नाही, असं सांगून ठेवलंय त्याला." आणि त्या पुन्हा बायकांकडे वळल्या.

माझी बस होती. बराच वेळ झाला तरी नक्कल संपेना. शेवटी पडद्याची कड जरा हलली, गाईंच्या बाजूने एक हात बाहेर आला आणि त्या हातात चहाचा कप होता. मी तो घेतला. चहा चांगला झाला होता, आलं घातलेलं. तसं मी नदीला सांगितलं, आणि नदी म्हणाली, "थँक यू."